उंबऱ्याला मुकुट कशाला

आमचे थोरले साडू संतापले की चहा घेत नाहीत. एरवी ते कपाला नाही म्हणत नाहीत आणि बशीत सांडलेल्यालाही नाही म्हणत नाहीत. त्यामुळे त्या सकाळी ते आले, खुर्चीवर न बसता दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहिले आणि "चहा नको" म्हणाले, तेव्हा माझ्या बायकोनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू जे काही झालंय ते मीच केलंय.

"वाचा हे," असं म्हणून भाऊंनी (आम्ही त्यांना भाऊच म्हणतो) पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि माझ्या पुढ्यात आपटलं. म्हणजे त्यांना आपटायचं होतं. पुस्तक इतकं किडकिडीत होतं की ते हवेत जरा तरंगलं आणि सतरंजीवर अलगद उतरलं. त्यामुळे ते आणखी चिडले.

"बघा. रागानं आपटावं एवढंसुद्धा वजन नाही त्याला."

"भाऊ, झालंय तरी काय?"

"उंबऱ्याला राजा केलाय."

माझी बायको हात पुसत बाहेर आली. "कुठल्या उंबऱ्याला?"

"अगं, आपल्या उंबऱ्याला. कुठल्या म्हणजे?"

आता हा उंबऱ्या कोण, हे सांगण्याआधी भाऊ कोण हे सांगायला हवं. भाऊ वॉचमन आहेत. सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या दारात ते बसतात. त्याआधी ते औषधाच्या कारखान्याच्या फाटकावर होते, त्याआधी एका मोठ्या कापडाच्या दुकानाचं काचेचं दार उघडत होते, आणि त्याही आधी, ऐन तरुणपणात, सिनेमाच्या थिएटरात बॅटरी घेऊन उभे असत. माणसांना आत सोडणं आणि बाहेर सोडणं यातच त्यांचा जन्म गेला. थिएटरात असताना त्यांनी शेकडो सिनेमांचा शेवट पाहिला, कारण शेवटाला पडदे सारून दारं उघडायला आत जावं लागे. सुरुवात मात्र एकाचीही पाहिली नाही. त्यामुळे आजही कुणी रडत असलं की, "काळजी नको, आता जुळतंय सगळं," असं ते इतक्या खात्रीनं सांगतात, की रडणारा चिडतो.

कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकं त्यांना काचेच्या दाराचा एक भाग समजत. एकदा एका बाईंनी त्यांच्या पुढे केलेल्या हातावर ओली छत्री अडकवली आणि त्या साड्या बघायला निघून गेल्या. भाऊ तासभर छत्री धरून उभे. "मला वाईट नाही वाटलं," ते सांगतात, "पण जाताना त्यांनी छत्री घेतली आणि झटकली ती माझ्यावरच. खुंटीवर तरी कुणी झटकतं का हो?"

आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत भाऊ नाहीत. ते हॉलच्या दाराशी चपलांवर लक्ष ठेवून होते. कुणी सांगितलं नव्हतं. दार दिसलं की त्यांचे पाय आपोआप तिथे जाऊन थांबतात.

ग्रंथालयात त्यांना बसायला स्टूल आहे. पाठ नसलेलं. वॉचमनला पाठीची खुर्ची दिली की तो झोपतो, असा शोध कुणीतरी लावून ठेवला आहे. ज्यानं लावला तो स्वतः गादीच्या खुर्चीत झोपला असताना हे सुचलं असणार.

तर या स्टुलावर बसून भाऊंना थोडे दिवस झाले असतील. एक मुलगी बाहेर पडता पडता थांबली, त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईला म्हणाली, "आई, हा उंबऱ्या आहे." आई ओशाळली. भाऊंना ती शिवी वाटली. माणसाला शिवी बसली तर निदान तिचा अर्थ माहीत असावा, म्हणून त्यांनी ग्रंथपालबाईंना विचारलं. बाईंनी हसून त्यांच्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं.

ते सात मजल्यांच्या घराच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांना मालिका सांगायला नको. ज्यांच्या घरात नाहीत त्यांच्यासाठी एवढंच, की एक घर आहे, त्याच्या प्रत्येक मजल्यावर एक वेगळं राज्य आहे, आणि दोन भावंडं एकेका पुस्तकात एकेक मजला चढतात. एका मजल्यावर नुसती सावल्यांची वस्ती, एकावर समुद्र, एकावर सगळे उलटे झोपलेले. आणि तळाला, दारात, बसलेला असतो उंबऱ्या. बुटका, खरबरीत, डाव्या कानावर शेवाळ उगवलेला. तो लढत नाही, उडत नाही, त्याला एकही मंत्र येत नाही. सात पुस्तकांत तो एकदाही जिना चढत नाही. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तो फक्त एक प्रश्न विचारतो: "सगळं घेतलंस?" आणि दर वेळी काहीतरी राहिलेलंच असतं. कुणाची सावली वर राहिलेली असते, कुणाचं हसू. एकदा तर बहीण धाकट्या भावालाच उलट्या लोकांत विसरून आलेली असते. उंबऱ्यानं विचारलं नसतं तर मालिका तिसऱ्याच भागात आटोपली असती.

भाऊंनी सातही भाग वाचले. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, मला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे हल्ली जेवताना बोलणं बंद आहे. हे पाचव्या मजल्यावर आहेत."

आणि मग भाऊंनी दारात विचारायला सुरुवात केली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला: "सगळं घेतलंस?" पोरं थबकून स्वतःला चाचपत. पाण्याची बाटली, स्वेटर, चष्मा, एका पायातला मोजा. काही राहिलं नसलं तरी पोरं मुद्दाम एखादी पेन्सिल आत ठेवून येत, म्हणजे "थांब, राहिलं" म्हणून परत पळता येई. आया कौतुकानं बघत. बापसुद्धा जाता जाता खिसे चाचपून घेत. जन्मभर ज्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही, त्या माणसाला आता पोरं लांबून "उंबऱ्या" म्हणून हाक मारत, आणि भाऊ डाव्या कानावरचं शेवाळ खाजवल्यासारखं करत.

आणि आता हे किडकिडीत पुस्तक आलं होतं. मालिका संपून काही वर्षं झाली होती, पण प्रकाशकाला ती संपलेली बघवत नसावी. म्हणून लेखिकाबाईंकडून ही छोटी जोडगोष्ट लिहून घेतली: उंबऱ्याची खरी कहाणी.

मी ती तिथेच, भाऊंच्या नजरेखाली, वाचून काढली. खरी कहाणी अशी, की उंबऱ्या हा मुळात दारवान नव्हताच. तो सातव्या मजल्याचा हरवलेला थोरला राजपुत्र. चेटकिणीच्या शापानं त्याचं रूप गेलं होतं. शाप सुटतो, शेवाळ गळून पडतं, आतून गोरापान तरुण निघतो, त्याला मुकुट चढवतात आणि तो जिन्यानं वर जातो. तळाच्या दारावर जादू करतात; ते आपलं आपण उघडतं, आपलं आपण मिटतं.

"वाचलंत?" भाऊ म्हणाले. "आता मला सांगा. दार आपलं आपण उघडतं. ठीक आहे. पण विचारणार कोण?"

खरं सांगायचं तर माझंही डोकं तापायला लागलं होतं. या गोष्टी लिहिणाऱ्यांना झालंय काय? एक चांगला स्वयंपाकी दाखवतील, की शेवटी तो सरदाराचा मुलगा. एक इमानी नावाडी दाखवतील, की त्याच्या दंडावर राजघराण्याची खूण. म्हणजे सात भाग आम्ही ज्याच्यावर जीव टाकला, तो चांगला का, तर त्याचा बाप राजा होता म्हणून. साध्या बापाच्या पोटी चांगला दारवान जन्माला येऊच शकत नाही, असा काही कायदा झालाय का? आणि शेवाळ कशाला काढलं? कुणाला खुपत होतं?

"लेखिकाबाईंना मी भेटलो असतो ना," भाऊ म्हणाले, "तर एवढंच विचारलं असतं: बाई, तुमच्या इमारतीखाली वॉचमन आहे का? त्याच्याकडे बघून हे लिहिलंत का?"

"अहो, पण गोष्टच ती," माझी बायको समजुतीनं म्हणाली. "पोरांना मजा. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता?"

"मनाला नाही लावून घेत. तो मुकुट मला डोक्यावर घालायला लावतायत."

खरं दुखणं हे होतं. ग्रंथपालबाई वयानं लहान, उत्साहानं मोठ्या आणि मनानं अगदी चांगल्या. त्यांनी ती जोडगोष्ट वाचली आणि त्यांना भरून आलं. त्यांना वाटलं, आपल्या भाऊंचा सन्मान करायची हीच वेळ. म्हणून पुढच्या रविवारी दुपारी बालविभागात कार्यक्रम ठेवला: भाऊ सिंहासनावर बसणार, अंगावर लाल झगा, डोक्यावर मुकुट, आणि नव्या पुस्तकाचं वाचन तेच करणार. सगळ्या मुलांनाही कागदी मुकुट आणि लाल कागदाचे झगे. भाऊंना हे सांगताना बाईंचे डोळे इतके चमकत होते, की त्यांना तिथे "नाही" म्हणता आलं नाही. म्हणून ते आमच्याकडे येऊन म्हणत होते.

"मग सांगा ना त्यांना, की मला नाही जमायचं," मी म्हणालो.

भाऊंनी पिशवीची घडी घातली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "झगा शिवून होत आलाय."

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. पुढच्या खोलीची एक खिडकी उघडी बोडकी होती आणि तिचा लाल पडदा अक्कांच्या शिलाई मशीनवर होता. कडेला सोनेरी पट्टी लावून झाली होती, गळ्याशी हूक बसवायचे राहिले होते.

"बघितलंत का?" अक्का पाय थांबवत म्हणाल्या. "बाईंनी स्वतः येऊन सांगितलं. आणि हे तोंड पाडून बसलेत."

"अगं, मी राजा झाल्याशिवाय चांगला नव्हतो का?" भाऊ दारातून म्हणाले.

"तुम्ही चांगले होतात की नाही ते मला विचारा, पुस्तकाला कशाला विचारता? इतकी वर्षं पाठ न टेकता बसलात. रात्री पाठीला तेल कोण चोळतं? एक दिवस, एक दिवस पाठीच्या खुर्चीत बसून चार लोकांसमोर मिरवलात, तर काय बिघडेल त्या दगडाचं?"

"दगड नाही. उंबऱ्या."

"तेच ते." अक्कांनी दातानं दोरा तोडला. "मला बघायचंय तुम्हाला तिथे बसलेलं. बस."

भाऊंनी झगा खांद्यावर घेऊन बघितला, हूक कुठे हवा ते बोटानं दाखवलं, आणि कढत चहा बशीत न ओतता तसाच प्यायले. मला वाटतं, त्या घोटाबरोबर त्यांनी बरंच काही गिळलं.

"दारावर कोण बसणार मग?" त्यांनी एकदम विचारलं.

"हे बसतील की," अक्कांनी माझ्याकडे हात केला. "रविवारी ह्यांना काय काम असतं?"

माझी नेमणूक अशी झाली.

रविवारी बालविभाग ओळखू येत नव्हता. जिकडेतिकडे राजे. कागदी मुकुट एकाच मापाचे कापलेले असल्यामुळे मोठ्या पोरांच्या टाळूवर बसले होते आणि बारक्यांच्या थेट नाकापर्यंत उतरले होते. लाल कागदाचे झगे चुरचुर वाजत होते. कोण मुलगा, कोण मुलगी, कोण कुणाचं, काही पत्ता लागत नव्हता. समोरच्या भिंतीशी सिंहासन म्हणून ग्रंथालयाच्या अध्यक्षांची, खाली चाकं असलेली खुर्ची सोनेरी कागदात गुंडाळून ठेवली होती. भाऊ तीत बसले की ती थोडी मागे सरके, म्हणून ते टाचा जमिनीत रोवून बसले होते. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. चेहरा असा, की शाप सुटलाय की लागलाय ते कळू नये.

पहिल्या रांगेत अक्का. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती.

मी स्टुलावर बसलो आणि तेवढ्यातच मला कळलं, की पाठ नसलेलं स्टूल ही वस्तू माणसासाठी बनवलेली नाही. मी भिंतीला टेकायला गेलो तर भिंत लांब, पुढे वाकलो तर पोट मध्ये. अक्का खोटं बोलत नव्हत्या.

भाऊंनी वाचायला सुरुवात केली. ते चांगलं वाचत होते, पण पोलिसात जबाब द्यावा तसं. मधूनच त्यांची नजर पुस्तकावरून उडून पोरांच्या डोक्यांवरून थेट दारापर्यंत येई आणि परत जाई. शेवाळ गळून पडलं तेव्हा एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "का?" भाऊंनी तिच्याकडे फार प्रेमानं पाहिलं. ग्रंथपालबाई "श्श" म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी. औषधाची वेळ झाली असणार. ते वाट काढत पुढे गेले, एका मुकुटाचा हात धरला आणि हळूहळू दाराकडे निघाले. मुकुट नाकापर्यंत, झगा पायापर्यंत, मुकाट्यानं त्यांच्या शेजारून चाललेला. मी अदबीनं दार उघडलं. गंमत म्हणून थोडा वाकलो. आजोबांनी मान डोलावली. ते पायऱ्या उतरायला लागले.

"आणि मग सगळ्या दरबारासमोर उंबऱ्याच्या मस्तकी..." आतून भाऊंचा आवाज येत होता, तो थांबला.

मी वळून पाहिलं. भाऊ उभे राहिले होते. खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आपटली. ते पुस्तक हातात तसंच धरून, पोरांच्या मधून, झगा ओढत दाराकडे येत होते. पहिल्या रांगेतून अक्कांनी "अहो" म्हटलं. ग्रंथपालबाईही "भाऊ, मुकुटाचं वाचायचं राहिलंय..." म्हणाल्या. भाऊ माझ्यासमोरून गेले. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर त्यांनी छत्री झटकणाऱ्या बाईंनाही दिली नसेल.

"आजोबा," ते पायरीवरून म्हणाले. "सगळं घेतलंत?"

आजोबा थांबले. त्यांनी खिसा चाचपला, चष्मा चाचपला, काठी बघितली. "घेतलं की."

"नीट बघा."

भाऊ दोन पायऱ्या उतरले, खाली बसले आणि त्या मुकाट राजाचा मुकुट हलकेच वर उचलला. आत एक शेंबडा, टपोऱ्या डोळ्यांचा मुलगा होता.

"अरे," आजोबा म्हणाले, "ही आमची नात नव्हे."

"नाही," मुलगा शांतपणे म्हणाला.

"मग तू आलास कसा माझ्याबरोबर?" आजोबांचा आवाज कापला.

"मला वाटलं, तुम्ही माझे प्रधान आहात."

कुणीतरी हसलं, पण आतून एका बाईची किंचाळीच आली आणि ती मुलाची आई धावत येऊन त्याला छातीशी धरून बसली. मागून आजोबांची खरी नात आली. तिचा मुकुट कधीच मागे सरकलेला, गळ्यात पाण्याची बाटली. "आजोबा, मी इथे आहे," ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. आजोबा पायरीवरच बसले. भाऊंनी त्यांना पाणी पाजलं.

"तुम्हाला तिथून कसं दिसलं?" मी विचारलं.

"दिसायचं काय त्यात? ती पोरगी उड्या मारत जाते. हा पाय घासत चालला होता." मग ते माझ्यावर उखडले. "आणि तुम्ही वाकलात काय? वाकायला बसवलं होतं तुम्हाला? विचारायला तोंड नव्हतं?"

ग्रंथपालबाई पांढऱ्या पडल्या होत्या. "माझ्या लक्षातच आलं नाही, भाऊ. सगळ्यांना सारखे मुकुट दिले मी."

"तुमचं मन चांगलं आहे, बाई," भाऊ म्हणाले. त्यांचा राग अजून उतरला नव्हता. ते शब्द जपून वापरत होते. "पण हे बघा. सगळेच वर जाऊन राजे झाले तर खाली हे असं होतं. त्या पुस्तकात हे कुणी लिहिलंय का? दार आपलं आपण मिटलं, म्हणे. दाराला काय कळतं, कोण पाय घासत चाललाय ते?"

मग त्यांनी डोक्यावरचा मुकुट उतरवला, गळ्याशी हात नेला आणि झग्याचे हूक काढले. काढताना मात्र त्यांची नजर अक्कांना शोधत होती. अक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना जे बघायचं होतं ते त्यांना अर्ध्या गोष्टीएवढंच बघायला मिळालं होतं. भाऊंनी झगा नीट घडी करून त्यांच्या हातात दिला.

"पडदा आहे तो," ते हळूच म्हणाले. "खिडकीला शोभेल."

अक्का झगा घेऊन आत गेल्या. जरा वेळानं खडखडाट ऐकू आला. त्या अध्यक्षांची खुर्ची सोनेरी कागदासकट ढकलत आणत होत्या, आणि वाटेतली पोरं बाजूला होत होती. त्यांनी माझं स्टूल पायानं सरकवलं, मी वेळेवर उठलो म्हणून वाचलो, आणि खुर्ची दारात लावली.

"बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मुकुट नको तर नको. पाठ टेका. इथेच टेका."

"अहो, ती अध्यक्षांची..." ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि अक्कांचा चेहरा बघून, "मी सांगेन त्यांना," असं म्हणाल्या. सांगितलंही असणार. खुर्ची अजून तिथेच आहे. चाकं तेवढी भाऊंनी काढून टाकली.

भाऊ बसले. पाठ टेकताना त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, तो अक्कांनी ऐकला आणि मान फिरवली.

गोष्ट अर्धीच राहिली होती. पोरं दारापाशी गोळा झाली. मघाशी "का?" म्हणाली होती ती मुलगी म्हणाली, "मग उंबऱ्याला मुकुट घातला का?"

"पुस्तकात घातलाय," भाऊ म्हणाले. "आवडलं तर वाच घरी. नाही आवडलं तर त्याच्या आधीची सात आहेत."

मग पोरं घरी जायला निघाली आणि भाऊंनी एकेकाला विचारलं. बाटली राहिली होती ती आणवली, स्वेटर आणवला, एका पोराचा पडलेला दात आतल्या कपाटाखालून शोधून रुमालात बांधून दिला. कागदी मुकुट मात्र बहुतेक पोरांनी घामानं चिकटतात म्हणून काढून आत टाकले होते. जमिनीवर त्यांचा ढीग पडला होता आणि तो खुर्चीतून स्वच्छ दिसत होता.

"सगळं घेतलंस?" भाऊ विचारत होते. पोरं स्वतःला चाचपत, "हो" म्हणत. भाऊ ढिगाकडे एकदा बघत, आणि पोराला म्हणत, "मग जा. सावकाश उतर."